एक निळं मत

साउथ डकोटा, अमेरिका
१५ सप्टेंबर २०२४

ती. तात्या,

पाया पडतो. फोनवर पडलो असतो, पण तुम्हाला ऐकू येत नाही आणि माझ्या ओरडण्याने इथल्या गायी बिथरतात. म्हणून पुन्हा कागद. चाळीस वर्षं कळंबच्या लोकांची पत्रं वाटलीत, आता म्हातारपणी चार तुमच्याही नावाची यावीत.

बातमी अशी की जुलैमध्ये मी इथला नागरिक झालो. तुमच्या सूनबाईचा, राजनंदिनीचा, नंबर पुढच्या वर्षी. पाच नोव्हेंबरला इथे राष्ट्राध्यक्षाची निवडणूक आहे आणि तुमचा पुतण्या मत देणार आहे.

मत देऊन काय होणार, ते विचारू नका. आपले बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके मिळून जेवढी माणसं, साधारण तेवढीच या अख्ख्या राज्यात आहेत. बाकी मका, सोयाबीन आणि वारा. राष्ट्राध्यक्ष निवडायला देशभरात मिळून पाचशे अडतीस मतं मोजतात, त्यातली आमच्या राज्याच्या वाट्याला तीन. ज्याला जास्त लोकांनी मत दिलं, तो तिन्ही घेऊन जातो. आणि ती तिन्ही १९६४ नंतर दर वेळी एकाच पक्षाला गेलीत. लाल रंग त्यांचा. दुसरा पक्ष निळा, तो इथे प्रचारालाही येत नाही. आपल्याकडे रिक्षा फिरतात, जेवणावळी उठतात, इथे फक्त शेताच्या फाटकावर पाट्या लागतात. मत कुणाला, असं कुणी कुणाला विचारत नाही. पण पाटीवरून कळतंच. आमच्या टाउनशिपमध्ये, म्हणजे आपल्या वाडी-वस्तीएवढ्या भागात, सगळ्या पाट्या लाल आहेत. सगळ्यात मोठी आमच्या मालकाची, डेलची. डेलबद्दल मी तुम्हाला लिहिलं होतं. सत्तरीचा माणूस, तीन हजार गायी, बोलणं कमी. माझे इथले कागद त्याच्या सहीने झाले.

दुसरी गोष्ट. गोठ्यात रोझा म्हणून एक बाई दूध काढते. ग्वातेमालाची. ती आणि तिचा नवरा टोमास नऊ वर्षं इथे आहेत, पण दोघांकडेही कागद नाहीत. मुलगी लुसिया इथेच जन्मली, आपल्या सृष्टीच्या वर्गात आहे. लाल पक्ष म्हणतो, कागद नसलेल्यांना परत पाठवू. परवा रोझा मला म्हणाली, "तुला मत आहे, मला नाही. माझं म्हणून टाकशील?" मी तिला शब्द दिला. नुसता दिला नाही, घरी नेऊन देवापुढचा भंडारा उचलला आणि तिच्या कपाळाला लावला. म्हणालो, आमच्या गावात हा उचलला की शब्द फिरत नाही. तिने छातीवर क्रॉसची खूण केली. दोन्ही देव साक्षीला.

घरातला भंडारा संपत आला आहे. बिरोबाचा थोडा पाठवा.

तुमचा,
मल्हार


कळंब, ता. इंदापूर
१० ऑक्टोबर २०२४

चि. मल्हार,

आशीर्वाद. हे स्पीड पोस्टाने पाठवतोय, कारण साध्या टपालाने निवडणूक होऊन गेल्यावर पोचेल. भंडाऱ्याची पुडी आत आहे. कस्टमवाल्याने फोडली तर त्याच्याही कपाळाला लागू दे.

तू नागरिक झालास, आनंद आहे. तुझा आजा मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा, तेव्हा त्याला कुठलंच गाव आपलं म्हणायचं नाही. तुला एक देश आपलं म्हणाला.

पण त्या बाईला शब्द दिलास, हे मला पटलेलं नाही. डेलने तुझ्या कागदावर सही केली. ज्याचं मीठ खातो त्याच्या मागे जायचं, एवढं सोपं आहे. तीन मतांच्या राज्यात तुझ्या एका मताने त्या बाईचं काही भलं होणार नाही, पण उद्या डेलला कळलं तर तुझं वाटोळं होईल. आता भंडाऱ्याचं म्हणशील. तर बिरोबाची हद्द ओढ्यापर्यंत. समुद्रापलीकडे उचललेला भंडारा देव मोजत नाही. याची काळजी तू करू नकोस, ती माझ्यावर सोड.

दगा कसा असतो ते आपण भोगलंय. तुझी आई, गोजरवहिनी, पंचायतीला उभी होती तेव्हा तू बारामतीला एमआयडीसीत दूध डेअरीला लागला होतास. मतदानाला मोटरसायकलवर आलास ते आठवत असेल. आदल्या दिवशी आपल्या वस्तीने झाडून सगळ्यांनी देवळात भंडारा उचलला. आणि निकाल काय? समोरची दोनशे तेरा, वहिनी दोनशे बारा. एक मत इकडचं तिकडे गेलं. ते कुणाचं, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. म्हस्कू. सारजाचा नवरा, घरजावई होऊन आलेला, आपल्या रक्ताचा नव्हेच. सकाळी समोरच्यांच्या मंडपात चहा पिताना दिसला होता. वहिनी शेवटपर्यंत म्हणायची, "एका मतानं पाडलं मला, भावजी. एका मतानं." सतरा वर्षं झाली, म्हस्कूच्या दारात वस्तीतलं कुणी जेवलेलं नाही.

तेव्हा परक्या मुलखात म्हस्कू होऊ नकोस. डेलच्या मागे जा.

तुझा,
बिरू तात्या


१७ नोव्हेंबर २०२४

ती. तात्या,

पाया पडतो. तुमचं पत्र तीस ऑक्टोबरला पोचलं. मी तुमचं ऐकलं.

मतदान टाउनशिपच्या पत्र्याच्या हॉलमध्ये होतं. एरवी तिथे बर्फ काढायचं मशीन ठेवतात. चार म्हाताऱ्या बायका टेबलाशी बसलेल्या, त्यांनी घरून केक करून आणलेला. बोटाला शाई नाही. मत दिलं की छातीवर चिकटवायला एक गोल कागद देतात. मतपत्रिका हातभर लांब, नावापुढचा गोल पेनाने भरायचा. आडोसे पुठ्ठ्याचे. शेजारच्या आडोशाला डेल होता. माझ्याआधी आत गेला आणि माझ्यानंतर बाहेर आला. चष्मा विसरला असेल म्हटलं.

पेन हातात घेतलं आणि मला फक्त त्याच्या जाकिटाची बाही दिसत होती. मनात म्हटलं, हे राज्य काही झालं तरी लालच होणार. माझ्या मताने रोझाचं काही वाढत नाही, कमी होत नाही. तुमचं पत्र खिशात होतं. मी लाल गोल भरला. नीट भरला, कडेपर्यंत.

तात्या, इथवर ठीक होतं. पण इथे निकाल टाउनशिपवार छापतात. आमच्या तालुक्याच्या साप्ताहिकात आला. आमच्या टाउनशिपची मतं अठ्ठावन्न. लाल सत्तावन्न. निळं एक.

ते कुणाचं, हे सगळ्यांना माहीत आहे. माझं.

धान्याच्या कोठाराशी सकाळी कॉफीला बसतात तिथे गेलो, तर एकजण म्हणाला, "आला आमचा एक." सगळे हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. ज्याच्या गायीचं अडलेलं वासरू मी मार्चमध्ये ओढून काढलं, तो आता गाडी पुढून गेली तरी हात वर करत नाही. डेल तिथेच बसला होता, कॉफी ढवळत. काही बोलला नाही. मी लाल दिलंय असं सांगून कोण विश्वास ठेवणार? इथला घरजावई मीच ना.

तेही चाललं असतं. पण त्याच संध्याकाळी रोझा आली. ते साप्ताहिक घडी करून आणलेलं, त्या एकाखाली पेनाने रेघ. माझे दोन्ही हात धरून रडली. म्हणाली, "सगळ्या लोकांत एकटा तू. मला वाटलं होतं तू घाबरशील." तिने मक्याच्या पानात वाफवलेल्या वड्या आणल्या होत्या. राजनंदिनीने माझ्याकडे पाहिलं. तिला खरं माहीत आहे. मी म्हणालो, "बस, चहा घे."

एवढंच म्हणालो. वड्या खाल्ल्या मी, तात्या. चार खाल्ल्या. मग निळं मत टाकलं कुणी, हेही कळत नाही.

मल्हार


१५ डिसेंबर २०२४

चि. मल्हार,

आशीर्वाद. तुझं पत्र तीनदा वाचलं. त्यात एवढं जिवाला लावून घेण्यासारखं काही नाही. बाईला समाधान मिळालं ना? तुझ्या खिशातलं काय गेलं? गप्प बस. चार महिन्यांनी लोक विसरतात. तूही विसरशील.

इथे वीस नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान झालं. रांगेत माझ्यापुढे म्हस्कू होता. एकटाच येतो, एकटाच जातो. माझ्याकडे वळून काहीतरी बोलला. ऐकू आलं नाही. बहुतेक "चला, तात्या" म्हणाला असेल, कारण हाताने मला पुढे जायला सांगितलं. म्हातारा माणूस म्हणून. मी काही पुढे गेलो नाही.

त्याच्या नातीचं लग्न ठरलंय म्हणे माघात. निमगाव केतकीच्या बाजारात सारजा पत्रिका घेऊन फिरत होती. वस्तीत कुणाला दिली नाही. दिली असती तरी कोण जाणार होतं?

मी हे तुला का लिहितोय, माहीत नाही. थंडी फार आहे, रात्रीची झोप लागत नाही. तू जप.

बिरू तात्या


२ मार्च २०२५

ती. तात्या,

पाया पडतो. लोक विसरत नाहीत.

काल रोझा आणि टोमास दोघंही आले, रविवारचे, चर्चला जायचे कपडे घालून. लुसियाला सृष्टीबरोबर खेळायला पाठवलं आणि रोझाने पिशवीतून एक पाकीट काढलं. इथे सगळे कागद नसलेले आईबाप हल्ली असं पाकीट करून ठेवतात. आपल्याला अचानक धरून नेलं, तर मूल कुणाकडे राहील, शाळेत सही कोण करेल, दवाखान्यात कोण नेईल, त्याचा वकिलाकडून केलेला कागद. त्यावर माझं नाव टाईप केलेलं होतं. आडनावासकट, बरोबर.

मी म्हटलं, तुमच्या नात्यातलं कुणी? टोमास म्हणाला, मिनेसोटात चुलतबहीण आहे, पण ती स्वतःच भीतीने घर बदलत असते. मग रोझा म्हणाली, "आम्ही पुष्कळ विचार केला. इथली माणसं चांगली आहेत. पण कुणी बघत नसताना आमच्या बाजूने उभा राहिलेला एकच माणूस आम्हाला माहीत आहे."

तात्या, तेव्हा बोलायला पाहिजे होतं. जीभ उचलली होती. राजनंदिनीही दारात उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत होती. पण ते दोघं इतके निर्धास्त बसले होते, पहिल्यांदाच. टोमासने तर खुर्चीला पाठ टेकवली होती. मी सही केली.

ते पाकीट आमच्या देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात आहे. तुमच्या भंडाऱ्याच्या पुडीशेजारी. पुडी अजून फोडलेली नाही, हात होत नाही. राजनंदिनी मला म्हणाली, मुलगी मी सांभाळीन, माझी काळजी नाही, पण तिची आई कुणाच्या भरवशावर तिला ठेवतेय, हे तिला कळायला नको का? मी तिच्यावर चिडलो. पहिल्यांदा असा चिडलो.

तुम्ही सांगा, काय करू?

मल्हार


(पोस्टकार्ड पाकिटात घालून)
१ एप्रिल २०२५

चि. मल्हार,

आशीर्वाद. सही केलीस तर मुलगी सांभाळ म्हणजे झालं. बाकी काय लिहू? उन्हाळा कडक आहे. डोळ्यांना त्रास होतो, जास्त लिहवत नाही. म्हस्कूच्या नातीच्या लग्नाला वस्तीतून कुणीही गेलं नाही.

बिरू तात्या


३ ऑगस्ट २०२५

ती. तात्या,

पाया पडतो. मार्चमध्ये मी तुम्हाला एक प्रश्न विचारला होता. तुम्ही उन्हाळ्याबद्दल लिहिलंत. डोळे बरे असतील अशी आशा करतो.

जूनमध्ये टोमासला धरलं. टायर बदलायला गावात गेला होता, रस्त्यात गाडी थांबवली, कागद मागितले. आता तो चार राज्यं पलीकडे कोठडीत आहे आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत त्याला ग्वातेमालाला पाठवतील असं वकील म्हणतो. बातमी कळली तेव्हा रोझा दूध काढत होती. तिने हातातल्या बारा गायी संपवल्या, मग आली.

ती नवऱ्यामागे जाणार आहे. नोव्हेंबरअखेर. लुसियाला इथे ठेवून. म्हणते, मुलगी इथली आहे, तिची शाळा सुटायला नको. "तुझ्याकडे नसती, तर नेली असती," असं म्हणाली. हे तिचं वाक्य जसंच्या तसं आहे, तात्या. माझ्या त्या न दिलेल्या मताच्या भरवशावर एक आई आपली नऊ वर्षांची मुलगी मागे ठेवून चालली आहे.

डेलने गेटवरची लाल पाटी निवडणुकीनंतरही काढली नव्हती. टोमासला धरलं त्या आठवड्यात काढली. टोमासच्या वकिलाचं बिल त्याने भरलं असंही ऐकतो. मला काही बोलला नाही. हल्ली माझ्याकडे बघतच नाही, मी एका खोलीत असलो तर दुसऱ्या खोलीत जातो. माझ्यावर राग असेल, निळं दिलं म्हणून. ज्याच्यासाठी शब्द मोडला, त्याचाही मी राहिलो नाही.

मी हे सगळं खरं, पहिल्यापासून, फक्त तुम्हालाच लिहिलंय. शब्द दिला होता. भंडारा उचलला होता. मोडला. भीतीने मोडला, मालकाच्या बाहीला घाबरून. मग दुसऱ्याच्या धाडसाचे आभार स्वतःच्या खिशात घातले आणि त्या आभारांवर सही केली. एवढं लिहिलं की दोन दिवस बरं वाटतं. मग पुन्हा रोझा गोठ्यात दिसते.

सांगू का तिला? सांगितलं आणि ती मुलीला घेऊन गेली, तर मुलीची शाळा माझ्यामुळे बुडाली. नाही सांगितलं, तर...

उत्तर द्या. उन्हाळ्याबद्दल नको.

मल्हार


कळंब
२३ ऑक्टोबर २०२५, भाऊबीज

चि. मल्हार,

आशीर्वाद देण्याची माझी लायकी या पत्राच्या शेवटी तू ठरव.

तुझं पत्र ऑगस्टच्या शेवटी आलं. दोन सप्टेंबरला मी उत्तर लिहिलं. सहा पानं. आयुष्यात एवढं लांब मी कुणाला लिहिलेलं नाही. तीन तारखेला इंदापूरच्या पोस्टात गेलो, तर खिडकीवरच्या मुलीने पाटीवर लिहून दाखवलं, अमेरिकेचं टपाल बंद आहे, कधी सुरू होईल सांगता येत नाही. चाळीस वर्षांत मी टपाल बंद झालेलं बघितलं नव्हतं. पाकीट परत खिशात घातलं.

आता त्या सहा पानांत काय होतं, ते थोडक्यात सांगतो. गोजरवहिनीला पाडणारं ते एक मत माझं होतं.

म्हस्कूचं नव्हे. माझं. देवळात सगळ्यात आधी भंडारा मी उचलला होता आणि सगळ्यात मोठ्याने मी बोललो होतो. कुणी काही दिलं नव्हतं, कुणी धमकावलं नव्हतं. हेवा, दुसरं काही नाही. मी दारोदार टपाल वाटणारा, आणि उद्या माझी भावजय खुर्चीत बसणार, मी तिच्या टेबलावर पत्रं ठेवणार, "ठेवा तिथं, भावजी" असं ती म्हणणार. ती तसं म्हणालीही नसती. पण त्या यंत्रापुढे उभा राहिलो आणि मला ते ऐकू आलं. तेव्हा कान चांगले होते. बटण दाबलं. वाटलं, एका मताने काय होतंय? अगदी तुझ्यासारखंच वाटलं.

निकालाच्या संध्याकाळी वस्तीने म्हस्कूचं नाव घेतलं. मी घेतलं नाही, हे खरं. पण "नाही" असंही म्हणालो नाही. मग पुढे पुढे मीच सांगू लागलो. गेल्या वर्षी तुलाही सांगितलं. वहिनी मरायच्या आधी माझ्याच हाताचं पाणी प्यायली. "एका मतानं, भावजी," म्हणाली. मी तोंड पुसलं तिचं.

तुला मी डेलच्या मागे जा म्हणून लिहिलं, ते शहाणपण नव्हतं. तू शब्द मोडलास, तर माझा मोडलेला जरा हलका होईल, असं कुठेतरी आत होतं. बिरोबाची हद्द ओढ्यापर्यंत, हे मी अठरा वर्षं स्वतःसाठी रचलेलं होतं. पोरा, तुझ्या हाताने तो लाल गोल मी भरला.

तर ती सहा पानं माझ्या सदऱ्याच्या खिशात पंधरा दिवस होती. रोज पाकीट बघायचो. त्यावर तुझा पत्ता, माझ्याच अक्षरात. आणि एक दिवस बघता बघता लक्षात आलं की पत्ता चुकलाय. चाळीस वर्षं दुसऱ्यांचे चुकलेले पत्ते मी शोधून काढले, आणि स्वतःचं पत्र समुद्रापार पाठवत होतो, जेव्हा ते ज्याचं आहे तो माझ्या दारापासून शंभर पावलांवर राहतो.

गेलो. म्हस्कू ओट्यावर शेंगा फोडत होता. मी पाकीट पुढे केलं. त्याने उघडून बघितलं आणि परत माझ्या हातात दिलं. त्याला एवढं वाचता येत नाही, हे मी पोस्टमन असून विसरलो. सारजाने खुणेने सांगितलं, वाचून दाखवा. मग मी वाचलं. सहाच्या सहा पानं. आणि मला ऐकू येत नसल्यामुळे माझा आवाज किती मोठा होतो, हे मला कळत नाही. मान वर केली तेव्हा वस्तीतली झाडून सगळी माणसं रस्त्यावर उभी होती.

म्हस्कू उठला आणि बोलला. पुष्कळ बोलला. हात हलवून, ओट्याच्या कडेपर्यंत येऊन. पुढे रडला. अठरा वर्षं त्याचं कुणी ऐकलं नव्हतं आणि आता ज्याला सांगायचं त्याला ऐकू येत नव्हतं. मी सारजाला म्हटलं, "लिहून दे की गं, काय म्हन्तोय त्यो." तिने हातानेच नको म्हटलं. अजून देत नाही. काय बोलला, ते मला माहीत नाही, आणि आता कधी कळेल असं वाटत नाही. वस्ती त्याच्याकडे जाऊ लागलीय. माझ्याकडे येणं कमी झालंय. ते बरोबरच आहे.

पंधरा तारखेपासून टपाल पुन्हा सुरू झालं म्हणून हे लिहिलं. सोबत तुझं ऑगस्टचं पत्र परत जोडतोय. पाकिटावर लाल पेनाने जे लिहिलंय, ते मी नोकरीत हजारदा लिहिलं असेल: पत्ता चुकीचा, पाठवणाऱ्यास परत. ते पत्र माझं नाही. ज्या बाईचं आहे तिला पोचव. मुलीच्या शाळेचा विचार तिला करू दे, ती आई आहे.

नोव्हेंबर संपायच्या आत.

बिरू


साउथ डकोटा
१६ नोव्हेंबर २०२५

ती. तात्या,

पाया पडतो. ठरवायला सांगितलंत म्हणून आधी हेच लिहिलं.

आईबद्दल वाचलं. दोन दिवस तुमच्यावर इतका राग होता की पत्र फाडणार होतो. ती कशी खंगली, ते मी बघितलंय. राग अजून आहे, राहू दे. पण दुसऱ्या पाकिटावरचं तुमचं लाल अक्षर फाडता आलं नाही.

मंगळवारी पुडी फोडली. भंडारा कपाळाला लावला नाही, नुसता मुठीत घेतला आणि रोझाचं पाकीट व माझं परत आलेलं पत्र घेऊन गोठ्यात गेलो. ती गायींचे सड पुसत होती. म्हटलं, तुला एक पत्र वाचून दाखवायचंय, ते चुकून माझ्या काकांकडे गेलं होतं. मग मराठीतली एकेक ओळ माझ्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये सांगत गेलो. मला गायींपुरतं स्पॅनिश येतं. घाबरलो, खोटं, सही, हे शब्द येतात. "दुसऱ्याच्या धाडसाचे आभार" याला शब्द सापडेना, म्हणून म्हणालो, "तुझ्या वड्या माझ्या नव्हत्या. मी खाल्ल्या."

ती हातातलं फडकं पिळत राहिली. माझं संपल्यावर म्हणाली, "मग ते कुणाचं?"

मी म्हटलं, "मला खरंच माहीत नाही. पण माझं नाही. शपथेवर सांगतो, माझं नाही."

"मला माहीत आहे तुझं नाही," असं मागून कुणीतरी म्हणालं. डेल होता. दुधाच्या टाकीच्या खोलीच्या दारात, टोपी हातात घेऊन. गोठ्यातलं स्पॅनिश त्यालाही कळतं. कधीचा उभा होता, कोण जाणे. मी म्हटलं, तुम्हाला कसं माहीत?

डेल म्हणाला, "कारण एकच मत होतं."

तात्या, मशीनचा आवाज चालू होता, तरी मला वाटलं सगळं थांबलं. ज्याच्या बाहीला घाबरून मी लाल भरलं, तो बाहीआड निळं भरत होता. आणि वर्षभर कॉफीच्या टेबलावर लोक मला हसत होते, तेव्हा तो कप ढवळत बसला होता. तो माझ्याकडे का बघत नव्हता, ते तेव्हा कळलं. म्हणाला, "पन्नास वर्षं त्या टेबलावर बसतोय. तू नवा होतास. तुझ्यावर गेलं, ते मी जाऊ दिलं." बोलणं सवयीचं नाही त्याला. मला त्याचा राग यायला हवा होता. मला तुम्ही दिसलात.

रोझाने आम्हा दोघांकडे पाहिलं. आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे, बराच वेळ. मग माझ्या हातातलं तिचं पाकीट काढून घेतलं, ॲप्रनच्या खिशात घातलं आणि पुढच्या गायीकडे गेली. अठरा गायी राहिल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेल कॉफीच्या टेबलावर बोलला. मी तिथे नव्हतो, गाडीत बसून होतो. पाच मिनिटांनी तो बाहेर आला आणि त्याच्या मागे कुणीही आलं नाही. गाडीच्या काचेवर बोटाने टकटक केली आणि निघून गेला.

पाकिटात आता कुणाचं नाव आहे, मला माहीत नाही. विचारण्याचा हक्क नाही. मिनेसोटाच्या बहिणीला तिने फोन केल्याचं राजनंदिनीला कळलंय. मुलीला बरोबर घेऊन जाईल, असंही वाटतं. सृष्टी रोज विचारते.

काल शनिवार होता. दुपारी दोनला रोझा दारात आली, लुसियाला घेऊन. आत आली नाही. मला म्हणाली, मुलींना खेळू दे, मी पाच वाजता न्यायला येते. मी हो म्हणालो. घड्याळाकडे बघत बसलो. मुली काय खेळल्या, ते सांगता येणार नाही.

ती पावणेपाचलाच आली.

तुमचा,
मल्हार